पलंगाखाली दोन बाटल्या पाणी

चाचा उजवा हात वर करायचे. तळवा आमच्याकडे, नाक्यावरचा पोलीस गाडी अडवतो तसा. टीव्हीत तो बोलत असायचा. पाठीमागे झेंडा, समोर चकचकीत टेबल, नजर थेट आपल्या डोळ्यांत. त्याचं बोलून होईपर्यंत चाचांचा हात खाली येत नसे. शेवटी तो स्वतःच्या देशासाठी देवाचा आशीर्वाद मागायचा, आणि चाचा न चुकता टीव्हीलाच विचारायचे, "और हमारा?"

मग आवाज बंद करून आमच्याकडे वळायचे. "मतलब सुनो."

तुम्हीही अशी भाषणं पाहिली असतील. लढाई सुरू झाली की अमेरिकेचा अध्यक्ष टीव्हीवर येतो, बाजार कोसळला तरी येतो. माणसं बदलली, चाचा म्हणायचे, झेंडा आणि टेबल तेच. त्यांनी एकाचंही नाव कधी घेतलं नाही. सगळ्यांना मिळून 'तो'.

सौदीतल्या यान्बूच्या त्या कामगार कॅम्पातल्या टीव्हीच्या खोलीत मी कसा पोहोचलो ते आधी सांगतो. माझे वडील रायगडात मिठागरावर कामाला होते. आईही. वडील मीठ ओढायचे, आई डोक्यावरून वाहायची. मिठाचे महिने संपले की घरात काम नसायचं, आणि काम नसलं की आई चूल उशिरा पेटवायची, म्हणजे एका जेवणात दोन वेळा भागतात. पुढे मिठागरच बंद पडलं. वडील ओटीवर बसून राहू लागले आणि आई एसटीनं पेणला जाऊन लोकांची भांडी घासू लागली. टीव्ही आमच्याकडे नव्हता. शेजाऱ्यांच्या खिडकीतून दिसेल तेवढा आमचा.

त्या घरातून मी बीएस्सी झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी सांगतोच, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या वर्षाला असताना वडिलांना म्हटलं, "बाबा, तुम्ही ओढत होता ना, त्याला सोडियम क्लोराइड म्हणतात." ते म्हणाले, "नाव बदलून भाव वाढतो काय?"

यान्बूत मला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर काम मिळालं. पाण्याचे नमुने तपासायचे, मीठ किती राहिलं ते बघायचं. बापानं समुद्रातून मीठ काढून घेतलं, लेक समुद्रातून मीठ काढून टाकतो. धाकटी बहीण नर्सिंगला होती. तिचं कॉलेज माझ्या पगारावर चालायचं.

चाचा आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. हेल्मेट, हातमोजे, पाने, दोर, सगळं त्यांच्या खिडकीतून मिळायचं. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. तरुणपणी बोटीवर होते, मग दम्माम, मग यान्बू. दम्मामला असताना त्यांनी पहिलं आखाती युद्ध पाहिलं होतं, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून. इंग्रजी बोटीवर शिकलेले, म्हणून भाषण आलं की खोलीतून हाक जायची, "चाचा, तो आला!"

तो बहुतेक आमच्या पहाटेला यायचा. त्यांच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ती आमची फजरच्या नमाजाची. बस यायच्या आधी माणसं डबा मांडीवर घेऊन फरशीवर बसलेली. बिहारची, केरळची, आमच्या कोकणातली. हातात प्रत्येकाच्या मोबाईल असायचा आणि मोबाईलमध्ये कोणीतरी आधीच किंचाळत असायचं. चाचा म्हणायचे, "ते बंद करा रे. मोबाईल ओरडतो, हा बोलतो. बोलणाऱ्याचं ऐकावं."

एकदा भाषण बाजाराचं होतं. तेल स्वस्त झालं होतं, आणि तेल स्वस्त म्हणजे आमच्यात कोणाची तरी घरी पाठवणी, हे सगळ्यांना ठाऊक. तो बराच वेळ आकडे सांगत राहिला. चाचांनी हात खाली घेतला. "मतलब सुनो. तेल सस्ता हो या महंगा, पाइप को जंग लगना है. जंग लगा तो आदमी लगता है. यल्ला, चला, बस आली."

मी तेव्हा नुसता हसलो होतो. पण त्या वर्षी आखातापलीकडे खरंच लढाई पेटली आणि माझं हसू गेलं.

त्या पहाटे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तो आला, बोलला. हल्ले केलेत, गरज पडली तर आणखी करू, असं त्याचं एकंदर बोलणं होतं. मला सगळं समजत होतं आणि समजत होतं म्हणूनच भीती वाटत होती. चाचांनी "और हमारा?" विचारलं, आवाज बंद केला.

"मतलब सुनो. वो बोलता है, बस आज भी आएगी. मेस में चावल महीने भर का है. पलंग के नीचे दो बोतल पानी भर के रखो. और मोबाईल जोर से बजा तो सब मेस के पीछे, पुराने कोल्ड स्टोअर में. खिड़की के पास कोई नहीं."

माणसांनी माना डोलावल्या. आमच्या गुहागरचा एक वेल्डर होता, तो पुटपुटला, "माणूस मोठा, पण बारीकसारीक लक्ष आहे हां त्याचं." आणि खरोखर बाटल्या भरायला उठला.

मी दुपारी स्टोअरच्या खिडकीशी गेलो. चाचा हातमोज्यांच्या जोड्या जुळवत होते.

"चाचा, तो पाण्याच्या बाटल्यांचं काही बोलला नाही."

"नाही?"

"बसचंही नाही. आणि कोल्ड स्टोअर—"

"अरे बाबा, त्याला आपलं कोल्ड स्टोअर कुठून माहीत असणार?"

"मग त्याच्या नावावर का सांगता?"

"माझ्या नावावर सांगून बघितलं होतं. कोण उठला नाही. चाचा म्हातारे झाले, म्हणाले. तो म्हणाला म्हटलं की उठतात. माणूस मोठ्याचं ऐकतो, ग्रॅज्युएट."

मला ते ग्रॅज्युएट म्हणायचे. थट्टा असायची, पण हाक मारताना आवाज असा लावायचे की बाजूच्यांनाही ऐकू जावं.

"आणि बस येणार, हे?"

"भाषणाआधी ड्रायव्हरला फोन केला. मेसवाल्याला तांदूळ विचारला. कोल्ड स्टोअरची किल्ली ही बघ." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून दाखवली. "पक्कं असतं तेवढंच सांगतो. त्यात खोटं एकच, बोलणाऱ्याचं नाव."

मग त्यांनी इकडेतिकडे बघत, आवाज उतरवून विचारलं, "तो खरा काय म्हणाला रे?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"माझं इंग्रजी बोटीवरचं. चहा, साखर, वादळ, दोर सोड, दोर बांध. हा लांब लांब बोलतो. अर्धं कळतं, अर्धं डोक्यावरून."

मी वाक्यामागून वाक्य सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. यान्बूचं नाव आलं का, विचारलं. नाही म्हटलं. तेलाच्या जागांबद्दल? म्हटलं, 'काळजी घेऊ' म्हणाला, एवढंच. चाचांनी हातमोज्यांची एक जोडी उगाच परत उलगडली.

तेव्हा मी माझं बोललो. आई रोज फोन करत होती. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर नकाशे आणि धूर बघून ती जेवत नव्हती. "कोरडी भाकर खाऊ, पण तू ये," एवढंच म्हणायची. वडील फोन घ्यायचेच नाहीत. बहीण शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तोंडावर. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "दादा, तू ये. मी हे वर्ष सोडते. पुढं बघू." हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मी फोन ठेवून दिला. मिठागरावरच्या घरात 'पुढं बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्यात पुढं कोणी बघितलेलं नव्हतं.

"मी जायचं म्हणतोय चाचा. करार मोडून."

मला वाटलं, अडवतील. त्यांनी अडवलं नाही.

"जा की. कोणी धरलंय? पण भिऊन जाऊ नको, बघून जा. असं कर. तो आला की तू ऐक, मला अक्षर न् अक्षर सांग. बस, तांदूळ, किल्ली मी बघतो. ज्या दिवशी मला वाटेल की निघायला पाहिजे, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तुला सांगेन. आणि त्या दिवशी त्याचं नाव घेणार नाही. माझ्या नावानं सांगेन."

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. तो बोलायचा, मी ऐकायचो, चाचांच्या कानात खरं सांगायचो आणि चाचा खोलीला त्यांचं सांगायचे. कधी 'तो' म्हणायचा की घरी फोन करताना रडू नका, पोरं घाबरतात. कधी म्हणायचा की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, खिशात ठेवा, पेटीत नको. एकदा तर 'त्यानं' बिहारच्या एकाला रोज दाढी करायला लावली, कारण दाढी वाढली की माणूस उगाच हरलेला दिसतो. मी मान खाली घालून हसू दाबायचो. भीती गेली नव्हती. पण मला काम मिळालं होतं, आणि माझं शिक्षण त्या खोलीत उपयोगी पडत होतं. कॉलेजात असताना एवढं लक्ष देऊन मी कोणाचंच ऐकलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी सगळे मोबाईल एकदम वाजले. तो आवाज ऐकला असेल त्यालाच कळेल. सरकारी इशारा होता. कपडे धुणारे कपडे टाकून उठले. मला वाटलं, आता धावाधाव होणार, फाटकाकडे पळणार.

कोणी पळालं नाही. प्रत्येकजण आधी आपल्या पलंगाकडे गेला, खाली वाकला, दोन बाटल्या घेतल्या आणि मेसमागे चालू लागला. चाचा कोल्ड स्टोअरच्या दाराशी किल्ली घेऊन उभे होते, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत. आत जुन्या मासळीचा वास भरून राहिला होता. आम्ही अंधारात मांडीला मांडी लावून बसलो. कोणी कलमा पुटपुटत होतं, कोणी नुसतंच मांडीवर बोटं वाजवत होतं. गुहागरचा वेल्डर कुजबुजला, "बघा, तो बोलला होता की नाही!"

अंधारात चाचांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी त्यावर माझा ठेवला.

आमच्याकडे काही पडलं नाही. सगळं ठीक असल्याचा निरोप आला आणि आम्ही बाहेर उन्हात आलो. पण संध्याकाळी खोलीत आवाज चढले. उद्याच जाणार, पगार गेला खड्ड्यात, असं जो तो म्हणू लागला. टीव्ही बंद होता. चाचा उभे राहिले. या वेळी त्यांनी हात वर केला नाही.

"आज वो नहीं बोला," ते म्हणाले. "मैं बोलता हूँ."

दाराकडे निघालेले परत फरशीवर बसले.

"पाणी, बाटली, कोल्ड स्टोअर, ते सब मैं बोलता था. उसको तो मालूम भी नहीं हम इधर हैं. वह अपने लोगों को बोलता है, बराबर है. हमारे लोगों को कोई बोलता नहीं, इसलिए मैं बोला. जिसको जाना है, जाए. कागज़ के लिए ऑफिस में मैं साथ आऊँगा. मैं रुकता हूँ. अभी रुकने जैसा है."

मग माझ्याकडे वळले. मराठीत, हळू. "ग्रॅज्युएट, हे माझ्या नावानं सांगतो. थांब. बहिणीची परीक्षा होऊ दे."

कोणी रागावलं नाही. वेल्डर डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे दाढीचं पण तुम्हीच?" आणि सगळी खोली हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. चाचा त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले, कागद होईपर्यंत बाकावर बसले, विमानतळाच्या गाडीत त्यांच्या पिशव्या चढवून आले. बाकीचे राहिले. मी राहिलो. आईला फोन करून म्हटलं, "इथले एक चाचा थांब म्हणाले." तिनं विचारलं, "कोण ते?" मी म्हटलं, "आमचे स्टोअरकीपर." ती म्हणाली, "मग ऐक त्यांचं," आणि त्या दिवशी ती जेवली.

लढाई थांबली, वर्ष उलटलं, आणि चाचांचा इकामा कंपनीनं पुढे वाढवला नाही. वय झालं होतं. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. बसच्या खिडकीतून उजवा हात वर केला, तळवा आमच्याकडे. निरोपाचा की थांबवण्याचा, ते मी विचारलं नाही.

परवा तो पुन्हा आला. या वेळी आयातीवरचा कर, बाजार, भाव. खोलीतली अर्धी माणसं नवी आहेत, तरी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पहाटेच ड्रायव्हरला फोन करून ठेवला होता, मेसवाल्याशीही बोलून झालं होतं. त्याचं शेवटचं वाक्य झालं. मी टीव्हीचा आवाज बंद केला. तो काय म्हणाला ते आधी जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, "आता आपलं. हे मी सांगतोय," आणि बस, तांदूळ, पगार, जे पक्कं होतं ते सांगितलं.

बहीण परीक्षेला बसली आणि पास झाली. आज ती अलिबागच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आई आता भांडी घासायला जात नाही. आमच्या घरात दोन पदवीधर आहेत.