उंच मुलं आणि आमचा संशय

किस्से गोळा करायला मी मुद्दाम कुठे गेले नाही. ज्या खोलीत वजनकाटा आणि उंची मोजायचा दांडा असतो, तिथे माणसं थोडं थोडं खोटं बोलायला येतात, आणि किस्से आपोआप साठतात. दिल्लीजवळच्या साहिबाबादला आमच्या कंपनीची बास्केटबॉलची टीम होती. टीममध्ये निवड झाली की पक्की नोकरी. मी तिथे फिजिओथेरपिस्ट. मूळची सांगलीची, लग्न करून गाझियाबादला आलेली. मोजमाप माझ्याकडे असायचं. कोच होते खन्नासाहेब. सहा फूट दोन इंच, पांढऱ्या मिशा, आणि समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही याचा जन्मभराचा सराव.

दिवस नव्वदीतले. शेतांमधून फ्लॅट उगवत होते, केबलवर अमेरिकेतल्या मॅचेस दिसायला लागल्या होत्या, आणि आजूबाजूच्या प्रत्येक उंच मुलाच्या बापाला वाटत होतं की आपल्या अंगणात एक नोकरी वाढते आहे. खन्नासाहेब म्हणायचे, सतरा वर्षांचा मुलगा आज कसा खेळतो ते कोणालाही दिसतं. बाविसाव्या वर्षी तो कसा खेळेल, हे ओळखायचा पगार आपल्याला मिळतो. आणि उंच मुलांचं ओळखणं सगळ्यात कठीण. हातपाय आधी वाढतात, समज मागून येते. कधी येतही नाही.

*

मे महिन्यातली दुपार. मेरठकडचा एक मुलगा दांड्याखाली आला. बूट काढले, पण मोजे काढेना. म्हणाला, थंडी वाजते. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, चालली होती.

मी मोजे काढायला लावले. दोन्ही टाचांखालून रबरी चपलेचे व्यवस्थित गोल कापलेले तुकडे निघाले. मला वाटलं, आता हा गेला. खन्नासाहेबांनी तुकडे हातात घेऊन दाबून पाहिले आणि विचारलं, सकाळच्या ट्रायललाही हे आत होते का? मुलगा मान खाली घालून हो म्हणाला.

"दोन तास यावर उड्या मारल्यास आणि पाय मुरगळला नाही?"

"नाही सर."

निवडीच्या कागदावर त्याच्या नावापुढे शेरा पडला: बॅलन्स उत्तम.

*

माणूस सकाळी उठतो तेव्हा किंचित उंच असतो आणि दिवसभरात थोडा दबतो, हे मी एकदा चहा पिताना सहज बोलून गेले. चूक झाली. त्या दिवसापासून खन्नासाहेब उंची फक्त संध्याकाळी मोजायला लागले. ही बातमीही दूरवर पोचली.

पुढच्या ट्रायलला बुलंदशहरहून एक मारुती व्हॅन आली. मागची सीट काढलेली, गादी घातलेली, आणि गादीवर तिरका झोपवलेला एक लांबच लांब मुलगा. बापाने त्याला सकाळपासून उठूच दिलं नव्हतं. पुऱ्यासुद्धा आडव्यानेच खाल्ल्या होत्या. संध्याकाळी दोन काकांनी त्याला काचेच्या भांड्यासारखं उचलून दांड्याखाली उभं केलं. उंची भरली. बापाचा चेहरा फुलला. तेवढ्यात मुलाला घेरी आली आणि तो मटकन खाली बसला.

खन्नासाहेब बापाला म्हणाले, "हाइट बिल्कुल ठीक है. अब इसे खड़ा रहना सिखाइए."

*

वयाचं तर विचारू नका. आमच्या टीमच्या एका खेळाडूने आपल्या धाकट्या भावाला आणलं. मुलगा चांगला होता, हात लांब. सर्टिफिकेट पाहिलं तर धाकटा थोरल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा निघाला. थोरल्याला बोलावून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, घर में छोटा है. काग़ज़ में मैं छोटा हूँ."

*

थंडीत किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, आले की खन्नासाहेबांची खास परीक्षा सुरू व्हायची. मुलगा दारातून आत येतो न येतो तोच काही न बोलता ते त्याच्याकडे एक किन्नू फेकायचे. उंच मुलांचे हात फळ गेल्यावर मिटतात, असं त्यांचं म्हणणं. कोणी वाकायचं, कोणी छातीवर घ्यायचं. एका मुलाने दाराची चौकट कपाळावर घेतली.

मग अलीगढचा एक आला, सेंटरच्या, म्हणजे बास्केटखालच्या सगळ्यात उंच खेळाडूच्या जागेसाठी. त्याने एका हाताने किन्नू झेलला, खुर्चीत बसला, सोलला आणि प्रश्नांची उत्तरं देत देत अख्खा संपवला. बिया खिशात टाकल्या. मी म्हटलं, सर, हा जरा निर्लज्ज वाटतो. खन्नासाहेब म्हणाले, "मैडम, सेंटर ऐसा ही चाहिए. जो हाथ में आया, वापस नहीं देता."

तो खरंच कोणालाही बॉल पास करायचा नाही. पुढची चार वर्षं खन्नासाहेब त्याच गोष्टीवरून त्याच्यावर ओरडत होते.

*

हा किस्सा सांगायला मला फारसा आवडत नाही. जालन्याकडचा एक मुलगा आला होता. त्याचा भाऊ यूपीएससीची तयारी करायला दिल्लीत करोल बागेत राहत होता, त्याच्या खोलीत हा मुक्कामाला. अठरा वर्षांचा, सडसडीत, पायांचं काम सुरेख. सेंटरसाठी सहा फूट पाच ही आमची अट होती आणि हा अगदी काठावर होता.

तो खोलीत येण्याआधी खन्नासाहेब मला हसत म्हणाले, आज तुमच्या गाववाल्याचा नंबर आहे, बघा हं. गाववाला कसला, सांगली कुठे आणि जालना कुठे. पण ते माझ्या डोक्यात बसलं.

मुलगा दांड्याखाली उभा राहिला आणि हळूच मराठीत म्हणाला, "ताई, जरा सांभाळून घ्या."

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अर्धा सेंटीमीटर कमी. तसंच लिहिलं. त्याने वहीतला आकडा वाचला. बूट घातले, नमस्कार केला, गेला.

दोन वर्षांनी तो दुसऱ्या एका टीमकडून आमच्याविरुद्ध उतरला. आमच्या सेंटरचे सात शॉट त्याने अडवले. मॅच संपल्यावर तो माझ्याकडे आला, वाकून पाया पडला. मी म्हटलं, छान खेळलास रे, उंची वाढली वाटतं.

"नाही ताई, तेवढीच आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही दांडा जरा दाबून धरला होता."

*

आमच्याकडे नऊ वर्षं सेंटर खेळलेला मुलगा दादरीजवळच्या एका गावातला. आम्ही पाहिला तेव्हा सोळा वर्षांचा, सहा फूट तीन. हा आणखी वाढेल की इथेच थांबेल, यावर सगळं अडलं होतं. अशा वेळी खन्नासाहेब मुलाच्या आईची उंची बघायचे. बाप पाच फूट आठ. आईबद्दल विचारलं की बाप म्हणायचा, नॉर्मल. खन्नासाहेबांना हा शब्द खटकला. प्रत्येक बाप आपल्या घरच्यांची उंची वाढवून सांगतो, हा का झाकतो?

आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर मोढे, म्हणजे वेताची बैठी आसनं, टाकलेले. आतल्या दाराला पडदा. पडद्याआडून फक्त एक लांब हात बाहेर आला, लस्सीचे चार ग्लास एकदम ठेवून आत गेला. खन्नासाहेब तो हात आत जाईपर्यंत बघत होते. बाई पाहुण्यांसमोर येत नाही, बाप म्हणाला. मग टेप घेऊन मी आत गेले.

ती चुलीपाशी बसलेली होती. मी कशाला आले ते सांगितलं. ती उठली, बाहेरच्या दाराकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू सरळ झाली. मला टेप धरायला पाटावर चढावं लागलं.

"कितनी?" तिने विचारलं.

सहा फूट. मी सांगितलं. तिने तो आकडा हलक्या आवाजात दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, लग्न लागताना ती गुडघे वाकवून उभी होती, तेव्हापासून सवयच झाली. नवऱ्याला अंदाज आहे. पण आकडा त्याला कोणी सांगितलेला नाही. तो तुम्ही सांगू नका, गाव त्याला जगू देणार नाही.

मी म्हटलं, अहो, मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "मालूम है." आणि पुन्हा खाली बसली.

मी बाहेर आले. नवरा माझ्याकडेच बघत होता. खन्नासाहेबांनी गुडघ्यावर वही उघडली.

"मैडम, कितनी?"

मी टेप गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, "पाँच फुट चार."

"अच्छी हाइट है," खन्नासाहेब नवऱ्याकडे बघून म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली आणि पहिल्यांदाच लस्सीचा ग्लास उचलला. खन्नासाहेब वहीत लिहायला लागले. मी शेजारच्याच मोढ्यावर बसले होते, मला अक्षर दिसत होतं.

त्यांनी लिहिलं होतं: माँ, छह फुट. लड़का पक्का.