चालत जायचं अंतर

प्रार्थनाघर हलवायचं ठरलंय हे सुताराला कळलं, ते तिथले बाक सोडवायचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाक त्यानेच केलेले, एकही खिळा न मारता, सांध्यात सांधा बसवून. न मोडता सोडवायचे तर तोच हवा, म्हणून समितीला त्याची आठवण. एरवी विचारतो कोण!

अख्खी गल्ली त्या एका दाराच्या ओढीने वसली होती. प्रार्थनेच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, चालतच यायचं, हा त्यांच्या पंथाचा नियम. त्यासाठी सुताराच्या वडिलांनी लांबचं ऐसपैस घर सोडून इथल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. शेजारचा शिंपी तसाच आला, वरच्या मजल्यावरची नर्सही तशीच. चुलीपाशी बसून हात लांबवला तर पलंगाला लागेल एवढ्याशा जागेत माणसं सुखाने राहिली. आता ज्यांचं बरं चाललं ते टेकडीपलीकडे मोठाल्या घरांत गेले आणि जाताना देवालाही सोबत न्यायला निघाले. मागे राहिले ते म्हातारेकोतारे. त्यांचा विचार कोणी करायचा?

सुताराची आई ऐंशीच्या पुढची. गुडघे पार कामातून गेलेले, पण प्रार्थनेला गेली नाही असं कधी झालं नव्हतं.

"अहो, पाच मिनिटांचा तर रस्ता," समितीचे अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले.

"मोटारीने ना?" सुताराने पटाशी खाली ठेवली. "नव्या जागेत पहिली प्रार्थना आहे, त्या दिवशी माझ्या आईला तुम्हीच घेऊन चला. चालत. ती वेळेत पोचली, तर दुसऱ्याच दिवशी सगळे बाक सोडवून देतो."

चारचौघांत अध्यक्षांना नाही म्हणता येईना. त्या सकाळी त्यांनी म्हातारीचा हात धरला. मागून सुतार, दातओठ खात. गल्लीच्या तोंडाशी ती टेकली, दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा टेकली. टेकडीच्या पायथ्याशी बसली ती मात्र उठेचना. तोंडावरचा घाम पुसून तिने हसतमुखाने अध्यक्षांकडे पाहिलं.

"आलं का रे बाळा?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. वेळ केव्हाच टळून गेली होती.

"सांगा की तिला!" सुतार ओरडला. "आजची प्रार्थना चुकली म्हणून तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."