वरळीहून लालबाग, गिरगाव आणि परत लालबाग: एक होडी घ्यायची होती

होडी घ्यायला निघालात तर घरून जेवून निघा. उपाशी माणसाला दुकानदार काय पण विकतो.

मी आणि माझा मुलगा दिनेश, आम्ही वरळी कोळीवाड्यातून सकाळीच निघालो. मी सातवी शिकलेय, मासळी विकते. हे सगळं फोनमध्ये बोलते, फोन लिहितो, सून चुका काढते. आमच्यात दर्यावर बाप्ये जातात, पण घ्यायचं-द्यायचं बाई ठरवते. म्हणून मी बरोबर.

जुनी होडी गेली. खडकांजवळ मागून लाट आत आली, होडी भरली आणि सरळ तळाला. दिनेश झाकण लावलेल्या रिकाम्या डब्याला धरून राहिला, मग दुसऱ्या होडीवाल्यांनी त्याला उचलला. हल्ली खलाशी मिळत नाय, पोरगा एकटाच जातो. मला नवीन होडीकडून एकच पाहिजे, पोरगा घरी आला पाहिजे.

दिनेशला मात्र बरंच काय काय पाहिजे. त्याने फोनवर परदेशी होड्या बघितल्यात. बसक्या, चकचकीत, पुढे गोल फिरणारी खुर्ची. हौशी लोकांना गळ घेऊन जिताडा मारायला न्यायचं, असा त्याचा बेत.

"आये, लोक खुर्चीवर खूश होतात."

"खुर्चीत बसायला दर्यात कशाला जायचं? घरी बसा म्हणावं."

परळपर्यंत बसने जा. पुढे लालबागला चालत. टॅक्सी केलीत तर लालबागच्या पुलाखाली गर्दीत नुसते बसून राहाल. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना पदर, रुमाल काय असेल ते नाकाला लावा. दिनेशने नाय लावला, गोडाऊन येईपर्यंत शिंकत होता.

गोडाऊन म्हणजे जुन्या गिरणीच्या आवारातली शेड. एका बाजूला काचेची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला फायबरचा वास. होड्या बनवणारा सोनावणे, भोईवाड्याच्या चाळीत वाढलेला, चाळिशीचा माणूस. फार गोड बोलला नाय. मला वाटलं, हा पक्का आहे.

त्याच्याकडे एक होडी अर्धी तयार होती. खालचं अंग झालेलं, त्यावर पाय ठेवायची वरची फळी बसवायची बाकी.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाची होती," तो म्हणाला. "तो मागे फिरला."

"का फिरला?"

"बायको नाय म्हणाली."

"मग काहीतरी बघूनच म्हणाली असेल."

सोनावणे हसला. मी नाय हसले.

होडी बघताना मी काय बघितलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे कड किती उंच आहे. फोनवरच्या त्या होड्या तळ्यातल्या. तळ्याला लाट कुठली? आमच्याकडे गुडघाभर कड चालत नाय. ही होडी त्या मानाने उंच होती, पुढचं टोकही वर उचललेलं. ठीक. दुसरं, गालिचा. दिनेशला जमिनीवर गालिचा पाहिजे होता. माशाचं रक्त, खवलं, ऊन, चार दिवसांत होडीजवळ कुत्रं पण येणार नाय. गालिचा रद्द, खरबरीत रंग मारायचा. तिसरं, जिवंत मासा ठेवायची पाण्याची टाकी. ती मी ठेवली. जिवंत जिताड्याला गिऱ्हाईक घासाघीस करत नाय. खुर्ची एकच ठेवली, ती पण काढता येईल अशी. न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी दिसते.

मग मी होडी वाजवून बघितली. आमच्याकडे होडी घेताना बोटाच्या गाठींनी ठोकतात. सासऱ्यांनी शिकवलेलं. लाकूड चांगलं असलं की टणटणीत बोलतं, कुजलं असलं की भद्द. शेजारी विकायला तयार अशी एक होडी उभी होती. तिला ठोकलं. भद्द.

"आत काय कोंबलंय?"

"फोम आहे, मावशी. सगळ्या पोकळ जागेत भरतो."

"तडे झाकायला?"

"तरंगायला."

"होडी आपली आपण तरंगत नाय होय? आमच्या होडीत कायपण कोंबायचं नाय. मला टणटणीत वाजली पाहिजे."

 सोनावणेने दिनेशकडे बघितलं. दिनेशने खांदे उडवले, त्याची खुर्ची वाचली होती ना. "उद्या सकाळी वरची फळी चिकटवतो," सोनावणे म्हणाला. "एकदा बंद झाली की आत हात जात नाय. नीट विचार करा."

"केला," मी म्हटलं. फसवणूक पकडली म्हणून मी खुशीत निघाले.

तिथून सामानासाठी गिरगाव. टॅक्सीवाल्याने न सांगता मीटर टाकला, त्याचाही मला संशय आला, पण सरळ नेलं बिचाऱ्याने. दुकान एका गल्लीत, चिंचोळं, छतापर्यंत दोर आणि नांगर. मालक म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने पाण्याखालचा मासा दाखवणारं मशीन चालू केलं. पडद्यावर मासेच मासे.

मी विचारलं, "दुकानात पाणी कुठाय?"

"डेमो आहे हा. दाखवण्यापुरतं."

"म्हणजे मासे नसताना पण मासे दाखवतं?"

दिनेश म्हणाला, "आये, हळू बोल." दुसरं गिऱ्हाईक हसायला लागलं. शेवटी छोटं मशीन घेतलं, खोली दाखवणारं. तळ किती खाली ते कळलं की पुरे. मासा कुठाय ते दिनेशला कळतं. इंजिन घेताना एक लक्षात ठेवा, होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून न्या. इंजिनाचा दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवेत फिरतो.

मग लाइफ जॅकेट. ते मी हातात घेऊन दाबलं. काय घ्यायचं झालं की मी दाबून बघते, मासळीची सवय. मऊ, पण पाणी पिणारं मऊ नव्हतं.

"यात काय भरलंय?"

"फोम. याच्यात पाणी शिरत नाय, म्हणून माणूस वर राहतो."

मी परत दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर जुनी होडी आली. टणटणीत वाजायची ती. पोकळ होती म्हणून वाजायची, आणि पोकळ होती म्हणूनच लाटेने भरली. दिनेश वाचला तो कशाला धरून? ज्याच्यात पाणी शिरलं नव्हतं त्याला धरून.

"दिनेश, सोनावणेला फोन लाव."

उचलला नाय. परत लावला. नाय.

"उद्या सकाळी करू ना," दिनेश म्हणाला.

"सकाळी तो चिकटवणार. चल."

वडापाव टॅक्सीत खाल्ला. परतीला पुलाखाली अडकलोच, शेवटचा रस्ता उतरून चालत गेलो. शेडमध्ये पोचलो तर माणसं आमच्याच होडीत वाकून पिवळट फेस ओतत होती. तो फेस भाकरीसारखा फुगत होता.

"नाय सांगितलेलं ना मी?" माझ्या तोंडून तेच निघालं. सांगायला आले होते उलटंच.

सोनावणे हात पुसत आला. "मावशी, तुम्ही रागावलात तरी चालेल. रिकामी होडी मी देत नाय."

"मला न विचारता भरणार होतास?"

"हो. नको असती तर घेऊ नका म्हणणार होतो."

"आणि बाकी काय काय न विचारता करतोस?"

"चहा मागवतो," तो म्हणाला.

चहा प्यायले. बरा होता. पण चांगलं काम गुपचूप करणाऱ्याचा पण मला भरवसा वाटत नाय. मी अट घातली. होडी वरळीला आली की आधी पाण्याने भरायची. बुडली तर त्याची, तरंगली तर आमची. तो म्हणाला, "मी स्वतः येतो."

आला. भरतीच्या वेळी, पोरांच्या गर्दीसकट. आमच्यात नवीन होडीची पूजा होते, मगच ती पाण्याला लागते. मी नारळ बाजूला ठेवला आणि बादल्या मागवल्या. शेजारची हिराबाय ओरडली, "अगो, नवीन होडी बुडवायला निघालीस? कुंकू पण लागलं नाय अजून!"

"म्हणूनच आता. कुंकू लागल्यावर कोणाची छाती होईल?"

छातीएवढ्या पाण्यात होडी धरली आणि बादल्या ओतल्या. मग चौघांनी कड दाबून दर्याच आत घेतला. होडी जड झाली, खाली गेली, कडेला पाणी लागलं. तिथेच थांबली. हिराबायचा हात तोंडावर.

"बघितलंत?" सोनावणे म्हणाला.

"रिकामी आहे ती," मी म्हटलं. "माणूस कुठाय आत?"

दिनेश चढायला लागला. मी त्याला मागे ओढला आणि नऊवारीसकट स्वतः आत जाऊन बसले. पाणी छातीपर्यंत. होडी एकदा कलली, मी कड धरली, मग ती सावरली. माझं बूड आतल्या फळीला टेकलेलं, पण होडी खाली जात नव्हती.

"आये, झालं ना? उतर आता!" दिनेश कडेला धरून उभा.

"थांब," मी म्हटलं. "ती मोठी लाट येतेय ना, ती जाऊ दे आधी."