बटर लावलेली थंड ताटली

एरवी फुलाबाई त्या घरात भिंतीच्या कडेकडेने चालायची आणि विचारलं तरच बोलायची. पण कतारात, दोहा शहरातल्या त्या सातव्या मजल्यावर शेगडीवर जाड बुडाचं पातेलं चढलं, त्यात कंडेन्स्ड मिल्कचा डबा उपडा झाला, वर कोको आणि बटर पडलं, की जालन्याकडची ही पन्नाशीची विधवा रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी राहिल्यासारखी दिसे. ब्राझीलमध्ये पोरांच्या वाढदिवसाला चॉकलेटचे इवलाले लाडू करतात, ब्रिगादेरो म्हणतात त्याला. ते तिच्यासारखे अख्ख्या इमारतीत कुणाला जमत नव्हते.

ही विद्या तिला इवोनेबाईंनी दिली. रास लफानच्या गॅस प्रकल्पावरच्या एका ब्राझिली इंजिनिअरच्या त्या बायको. अल खोरला त्यांच्या घरी फुलाबाईने नऊ वर्षं काढली, त्यांची दोन मुलं अंगाखांद्यावर वाढवली. दर वाढदिवसाला इवोनेबाई पोरांना ओट्याभोवती स्टुलांवर उभं करायच्या, त्यांच्या हातांना बटर चोळायच्या आणि लाडू वळायला लावायच्या. निम्मे लाडू वळता वळता पोटात जायचे, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. फुलाबाईचं इंग्रजी तोडकंमोडकं, पोर्तुगीजचा तर गंध नाही. तिने सगळं डोळ्यांनी उचललं. पातेलं तिरकं केल्यावर मिश्रण बुडाला न चिकटता एका गोळ्यात घसरलं, की झालं म्हणायचं. ही खूण. आणि खूण दिसली, की ते पातेल्यातून तत्काळ काढायचं, फ्रीजमध्ये गार केलेल्या, बटर लावलेल्या ताटलीत. गॅस बंद केला तरी पातेल्याची धग जात नाही, ती मिश्रणाला आतून दगड करत राहते.

ब्राझीलला परत निघताना इवोनेबाई गळ्यात पडून रडल्या, तुला तिकडे बोलावून घेते म्हणाल्या. त्याला चार वर्षं झाली.

त्यानंतर हे घर. निशिगंधा बँकेत, नवरा पियूष आयटीत, मुलगी सोनम आता नऊ वर्षांची. मराठी माणसं मिळाली म्हणून फुलाबाईने पहिल्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती. सोनमला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. पहिल्याच आठवड्यात फुलाबाईने तिला ‘फुलामावशी’ म्हणायला शिकवलं, तर निशिगंधाने ते बंद केलं. कामाच्या बाईला नाती लावायची नसतात, म्हणाली. तेव्हापासून पोरगी तिला नुसतं ‘फुला’ म्हणू लागली. फुलाबाईचा कप सिंकखाली फिनेलच्या बाटलीशेजारी असे. आणि काही चुकलं की निशिगंधाचं एक ठरलेलं वाक्य होतं: “इतकं साधं जमत नाही?”

पुढच्या महिन्यात फुलाबाईचा इकामा, म्हणजे कतारात राहण्याचा परवाना, संपत होता. तो वाढवायचा की नाही हे निशिगंधाच्या हातात. विचारलं की ती ‘बघू’ म्हणायची. गावाकडे दिराने ओसरीतला फुलाबाईचा कोपरा शेळ्यांना दिला होता, आणि तसं फोनवर कळवलंही होतं. तिचा सगळा भरवसा त्या खुणेवर. मॅडमना पार्ट्यांत हे लाडू मिरवायचे असतात, ते दुसऱ्या कुणाला येत नाहीत, मग आपल्याला कशाला घालवतील? झालं हे कसं ओळखायचं म्हणून निशिगंधाने चारदा विचारलं, चारही वेळा तिने सांगितलं, “हाताला कळतंय, मॅडम.”

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सोनम स्वयंपाकघरात आली. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, आणि मागून फुलाबाईच्या कमरेला मिठी मारली. चार वर्षांत त्या घरातल्या कुणाचा हात तिच्या अंगाला लागला नव्हता. पाठीवर गाल टेकवून पोरीने इंग्रजीत विचारलं, झालं हे तुला कसं कळतं? फुलाबाई विरघळली. तिने पातेलं तिरकं करून घसरता गोळा दाखवला, दोनदा दाखवला. पुढे ताटलीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर सोनम मोबाइल उचलून पळालीसुद्धा. “मम्मा, गॉट इट!” आतून निशिगंधाचं हसू ऐकू आलं. फुलाबाईने सवयीने मिश्रण गार ताटलीत काढलं आणि पातेलं घासायला घेतलं.

शुक्रवारी चौदा पोरं टेबलाभोवती जमली. हातांना बटर, नाकांना कोको. सोनमने ऐटीत पातेलं तिरकं करून दाखवलं. फुलाबाईने मागून ते उचललं, ताटलीत ओतलं आणि बाजूला झाली. तिचा हात कुणाच्या ध्यानातही आला नाही. एका पाहुणीने विचारलं, शिकवलं कुणी? निशिगंधा म्हणाली, “माझी एक ब्राझिलियन मैत्रीण होती. फुलाकडे काय बघता, तिला धड चहा करता येत नव्हता.” हशा पिकला तशी सोनमला स्फुरण चढलं. खांदे पाडून, भिंतीला घासत, ती फुलाबाईसारखी चालून दाखवू लागली. नक्कल उत्तम होती, खोटं कशाला बोला. पोरांनी टाळ्या पिटल्या. फुलाबाई हातात ट्रे धरून उभी होती. तीही हसली, कारण न हसणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

रविवारी तिला सांगण्यात आलं. इकामा वाढवणार नाही, अर्धवेळ बाई पुरेल. लाडवांचं काय, एवढंच फुलाबाईने विचारलं. सोफ्यावरून, टॅबवरची नजर न काढता, सोनमने इंग्रजीत उत्तर दिलं: ते मला येतं, आता फुलाची गरज नाही.

जायच्या दिवशी सकाळी सोनम शाळेतल्या खाऊच्या विक्रीसाठी साठ लाडू करायला बसली होती. खाली ड्रायव्हर सुदाम गाडी लावून थांबलेला. फुलाबाई बॅग घेऊन निरोपाला दाराशी आली, तर आत रडारड. खूण दिसल्यावर गॅस बंद करून पोरगी मैत्रिणीशी फोनवर बोलत बसली होती. पातेल्यात आता डांबर झालं होतं, चमचा त्यात उभाच्या उभा रुतलेला. निशिगंधाने लेकीचा कान पिरगळला.

“इतकं साधं जमत नाही?”

सोनमने मान वळवली. डोळे गच्च भरलेले. आणि चार वर्षांनी तिच्या तोंडून मराठी आलं.

“फुलामावशी, काय चुकलं? सांग ना.”

फुलाबाईची नजर फ्रीजकडे गेली. पहाटे उठल्यावर, हाताच्या सवयीने, तिनेच बटर लावून ताटली आत ठेवली होती. ती अजून तिथेच होती, गार.

“मला तेवढंच येत व्हतं, माय,” ती म्हणाली.

दार ओढून घेतलं तरी कान लाल झालेल्या पोरीचे हुंदके लिफ्टपर्यंत ऐकू येत होते. फुलाबाई लिफ्ट येईस्तोवर तिथेच उभी राहिली. खाली सुदामने बॅग घेतली, आणखी काही राहिलं का म्हणून विचारलं. नाही म्हणाली, आणि मागच्या सीटवर, मधोमध, बसली.