फाटकाजवळच्या कोपऱ्यातलं सोनं

माझ्या धाकट्या जावेला सगळं आयतं मिळतं. पार्किंग मिळतं, पोरांना हव्या त्या शाळा मिळतात, लंडनमध्ये स्टॅनमोरला ट्यूब स्टेशनपासून चालत पोचता येईल असं घर मिळतं. ते सगळं मी सोसलं. पण माझ्या शेतातलं सोनंही तिलाच मिळावं, हे मला अजून पचलेलं नाही.

शेत माझं म्हणजे मालकीचं नव्हे. कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका शेतकऱ्याने आमच्या क्लबला तिथे मेटल डिटेक्टर फिरवायची परवानगी दिली आहे. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यापासून माझे रविवार तिथेच जातात. लोकांनी ते शेत इतकं पिंजून काढलंय की नवे मेंबर तिकडे फिरकतही नाहीत. मला तिथे बटणं सापडली, बकलं सापडली, काळी पडलेली तांब्याची नाणी सापडली. सोनं नाही. आणि यंदाच्या हिवाळ्यात गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर खाली बसून खणणं विसरा, असं सर्जनने तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे सोनं सापडायचं तर याच सीझनला.

अशात सप्टेंबरमध्ये जाऊबाई वीकेंडला आमच्याकडे आली. म्हणाली, "ताई, मी पण येते ना तुमच्याबरोबर. घरी बसून काय करू?" आणि निघाली पांढरेशुभ्र ट्रेनर्स घालून.

तिला माझं जुनं मशीन दिलं. या मशीनचं असं असतं की ते सोन्याला वाजतं तसं चॉकलेटच्या चांदीच्या कागदालाही वाजतं आणि कॅनच्या कड्यांनाही. म्हणून जाणती माणसं सेटिंग लावून कचऱ्याचा आवाज बंदच करून टाकतात. माझ्या मशीनवर ते सेटिंग कायमचं लावलेलं. जुन्यावर ती सोयच नव्हती. तिला मी फाटकाजवळच्या कोपऱ्यात उभं केलं. तिथे सगळे बसून चहा पितात, बिस्किटं खातात, त्यामुळे खाली नुसते चांदीचे कागद. म्हटलं, फिटू दे हौस.

बाई प्रत्येक आवाजाला खणत होती. मी पार पलीकडच्या कडेला होते, तेवढ्यात तिची हाक आली. "ताई, हे बघा ना जरा. कागदच असेल." तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढं सोन्याचं नाणं होतं, पातळ, मातीने माखलेलं. "छान आहे हं," असं म्हणाले खरी, पण तोंड कडू झालं होतं.

नाणं मध्ययुगातलं निघालं. शेतकऱ्याचा अर्धा वाटा असतो, तो त्याने हसत सोडून दिला. घरी आमचे हे म्हणाले, "जाऊ दे गं, घरातच आलं ना शेवटी." मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुढच्या रविवारी येतेस का, असं तिला विचारलं, तर म्हणते, "छे हो ताई, कंबर मोडली माझी. एकदा पुरे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा जीव ज्यात अडकलाय, ते हिला एकदा पुरे.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. ते नाणं गळ्यात मिरवत दार उघडणार ही, अशी वाटभर मनाची तयारी केली होती. गळा मोकळाच होता. जेवणं झाल्यावर तिने एक डबी आणून माझ्या हातात ठेवली. आत तेच नाणं, ईलिंगच्या सोनाराकडून वर कडी जोडून, चेनमध्ये ओवून आणलेलं.

"मळकट दिसत होतं हो, म्हणून चांगलं चकचकीत करून घेतलं," ती म्हणाली.

क्लबमध्ये आम्ही असल्या नाण्याला साधा ब्रशही लावत नाही. इथे नाण्यावरच्या राजाचं अर्धं तोंड पॉलिशमध्ये गेलं होतं. आता हे क्लबमध्ये दाखवायचीही सोय नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मागे येऊन चेन माझ्या गळ्यात अडकवली. "तुमच्यासाठीच केलंय. शेत तुमचं, मशीन तुमचं. ऑपरेशनच्या आधी गळ्यात असू दे." तिचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता. सोनं सापडतं ते सापडतं, वर ते असं सहज देऊनही टाकता येतं हिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरामागच्या लॉनवर नाणं गवतात ठेवलं आणि माझं मशीन त्याच्यावरून फिरवलं. ते गप्प. पुन्हा फिरवलं, तरी गप्प. मग ते कचऱ्याचं सेटिंग काढलं. लगेच आवाज आला, हुबेहूब चॉकलेटच्या कागदाचा. दर रविवारी फाटकातून आत शिरले की मी त्याच कोपऱ्यातून मशीन फिरवत पुढे जात होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ह्यांनी विचारलं, "काय गं, काय सापडलं?"

मी नाणं उचलून गळ्यात घातलं. म्हटलं, "काही नाही. कागद आहे."