आसिकाची एकवीस घुंगरं

"वाजत नाही!" ऐना एवढ्या जोरात ओरडली की दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

२००४ साल असेल. मी नाशिकच्या सराफ बाजारात एका शेठच्या दुकानात चांदीचं रिपेअर करायचो. ऐना तुर्कमेनिस्तानची. तिकडे कंपनीत कामाला गेलेल्या सायखेड्याच्या एका पोरानं तिच्याशी लग्न जमवलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मांडव. तिच्या हातात होता आजीचा आसिक. तळहाताहून मोठा, पिंपळपानासारखा चांदीचा दागिना. त्यावर सोन्याचा मुलामा, मधे लाल अकीक, खाली एकवीस चिमुकली घुंगरं. तिकडच्या बायका तो वेणीला बांधून पाठीवर सोडतात.

चार घुंगरं चेपली होती, ती सरळ करायची ऑर्डर. केली. मग म्हटलं, पाहुणी आहे, जरा जास्तीचं करू. आपल्याकडे पोकळ डागात लाख भरतात. डाग चेपत नाही, खुळखुळत नाही. भरली की मी एकवीसच्या एकवीस घुंगरांत! फिनिशिंग असं झालं की माझीच पाठ मला थोपटावीशी वाटली.

"वाजला तर नवरीला नजर लागत नाही," ऐना रडकुंडीला आली. मोडक्या मराठीत सांगत होती. "आजी कुठल्या खोलीत आहे, आम्हाला यानेच कळायचं."

शेठ माझ्याकडे वळले. "शहाण्या, लाख भरायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही, शेठ."

"मग बस आता कोरत!"

आच देता येईना. मुलामा गेला असता, अकीक तडकला असता. म्हणून एकेक घुंगरू स्पिरिटमध्ये बुडवायचं, लाख मऊ झाली की चिरेतून सुईनं काढायची. आतला खडा सुटला की ते बोलायला लागतं. पहिलं किणकिणलं आणि ऐनानं उडीच मारली. पाचव्याला शेठनी स्वतः सुई घेतली. अकराव्यापासून गिऱ्हाईकं मोठ्यानं मोजायला लागली, कोणी घरी जायलाच तयार नाही! संध्याकाळी एकविसावं वाजलं तेव्हा ऐना आसिक पाठीवर टाकून दुकानभर गिरक्या घेत होती आणि आमचे गंभीर शेठ गादीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. मला हसता हसता रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि मी, दोघेही लग्नाला गेलो. नवरी मांडवात शिरली आणि बँडवाल्यांनी कान फाडायला सुरुवात केली. तेवढ्यात तिची सासू पदर खोचून त्यांच्यावर धावली.

"ए बाबा, बंद कर ते! मला माही सून ऐकू येत नाय!"

बँड गप्प झाला. सून चालत आली, आणि सगळ्या मांडवानं ऐकली.

तेव्हापासून मी रिपेअरच्या पावतीवर एक ओळ लिहितो: बिघडलं असेल तेवढंच दुरुस्त केलं जाईल.