ओरडून सांगितलेली गोष्ट

वडील गेल्यानंतर आठवड्याभराने त्यांचा थोरला मुलगा मृत्यूचा दाखला काढायला खिडकीपाशी उभा होता. आतल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "वडिलांची जन्मतारीख?"

थोरल्याने साल सांगितलं, तेही अंदाजाने.

"त्यांच्या आईचं नाव?"

थोरल्याने नकारार्थी मान हलवली. आजी बाबांच्या लहानपणीच गेली होती. घरात तिचा विषय कधी निघाला नाही आणि यानेही कधी काढला नाही.

"बरं, राहू दे. व्यवसाय?"

"शिलाई मशीन दुरुस्ती!" हे मात्र त्याने लगेच सांगितलं, आणि इतक्या जोरात की मागे उभ्या असलेल्या दोघांनी माना वर केल्या. बाबांच्या अखेरच्या काळात त्याला मोठ्याने बोलायची सवय लागली होती, ती अजून गेली नव्हती.

बेचाळीस वर्षं एका छपराखाली काढून त्याला बाबांविषयी खात्रीने सांगता आलं ते एवढंच. घरी बाबा जेवत, पेपर वाचत आणि झोपत. बोलत ते दुकानात, आणि तेही गिऱ्हाइकांशी.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक चिंचोळी जागा होती. दोघं आत बसले की तिसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलायचं. भिंतीला लावलेलं लाकडी टेबल, त्याच्या कडेने खिळ्यांवर टांगलेले चामडी पट्टे, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत सुया, स्क्रू आणि बॉबिनी. गल्लीत बाबांना सगळे मिस्त्री म्हणत. कुणी मशीन घेऊन आलं की मिस्त्री आधी पाना-पेचकस हातात घेतच नसत. गिऱ्हाइकाला गप्प बसवत, डोळे मिटत आणि हाताने चाक तीनदा फिरवत. मग निदान.

"हिला सर्दी झालीय. आत कापसाचा गोळा अडकलाय."

किंवा, "मशीन ठणठणीत आहे हो. तुमचा पायच रागावलाय. घरी कुणाशी वाजलंय का?"

बाई हसायच्या आणि हमखास वाजलेलंच असायचं. काम झालं की मिस्त्री पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर टाक्यांची एक ओळ मारून दाखवत. सुईत लाल दोरा, बॉबिनीत काळा. वरच्या अंगाला काळा ठिपका दिसला की मशीन पुन्हा उघडायची. ठिपका न दिसणारी पट्टी मशीनच्या दांड्याला बांधून द्यायची, ही त्यांची पावती. घरोघरी अशा पट्ट्या होत्या.

पण पट्टीत सगळं दिसत नाही. खालचा दोरा घेऊन आतलं शटल फिरत येऊन सुईला नेमक्या क्षणी भेटावं लागतं. त्यात केसभर फरक असला तर चार वीत शिवण सुंदर येते आणि पाचव्या वितीला सुई शटलवर आपटते. तो फरक मिस्त्री कानाने पकडत. आणि सत्तरी ओलांडली तसे कानच गेले.

घरात हे आईला सर्वांत आधी कळलं. "जन्मभर माझं ऐकलं नाही," ती म्हणायची, "आता निदान निमित्त तरी खरं आहे." ती हसण्यावारी न्यायची, म्हणून थोरल्यानेही नेलं. तो वीज कार्यालयात नोकरीला होता. सुटला की दुकानावर यायचा. बाबा घरी जायचे आणि उरलेला तासभर हा बसायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्या टेबलापाशी बसला होता, त्यामुळे काम त्याला येत होतं, पण बाबांनी कधी आपणहून शिकवलं नव्हतं आणि चांगलं झालंय असंही कधी म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्याच्या हातून बॉबिनींचा अख्खा डबा फरशीवर पडला. केवढा आवाज झाला! समोरचा इस्त्रीवाला दचकला. बाबांची पाठ याच्याकडे होती, ती हललीही नाही. ते मशीनच्या डोक्यावर हनुवटी टेकवून हळूहळू चाक फिरवत होते. कानांनी येत नव्हतं ते हाडांतून घ्यायला बघत होते. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. लोकांना वाटायचं, मिस्त्रींना हल्ली डुलकी लागते.

थोरल्याने बॉबिनी गुपचूप गोळा केल्या. त्या दिवसापासून बाबा घरी गेले की तो दुरुस्त झालेली प्रत्येक मशीन पुन्हा तपासू लागला. पाचांतली एखादी चुकलेली असायची. ती तो उघडून सरळ करायचा, कापडाची पट्टी होती तशी बांधून ठेवायचा. असं दीड वर्ष चाललं.

बाबांना हे माहीत होतं का? आज थोरला स्वतः सत्तरीचा आहे आणि अजून याच प्रश्नापाशी अडतो. एकदा त्यांनी एक स्क्रू उजेडात धरून म्हटलं होतं, "याच्या खाचेवर कुणीतरी दांडगाई केलीय." थोरल्याने पेपरात डोकं खुपसलं. दोन दिवसांनी टेबलावर एक पेचकस दिसला, टोक नव्याने घासून बारीक केलेलं, मूठ बाबांच्या हाताला मोठी होईल अशी. कुणाचा, कशासाठी, ते काही बोलले नाहीत. यानेही विचारलं नाही.

मग कार्यालयाने त्याला चार दिवस बाहेरगावी प्रशिक्षणाला पाठवलं. तो परत आला त्या दिवशी तडक दुकानावर गेला. बाबा टेबलापाशी होते, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कपडे शिवणारी ताई आली. डोळ्याखाली तिने रुमाल दाबून धरला होता. कालच मशीन घेऊन गेली होती. शिवताना सुई मोडली आणि तुकडा उडून डोळ्याच्या बोटभर खाली लागला.

"एवढं काही नाही हो दादा," ती थोरल्याला म्हणाली. "मशीन जुनी झालीय. काकांना उगाच बोलू नका."

पण तो तिचा डोळाच बघत होता. बोटभर वर लागला असता तर! "बाबा," तो म्हणाला, "आता बस झालं. दुकान बंद करू."

"काय म्हणतोस?"

"दुकान बंद करू या!"

"जरा मोठ्याने बोल."

जे शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगायचं, ते मोठ्याने बोलायचं म्हटल्यावर त्याचा तोलच गेला. "तुम्हाला ऐकू येत नाही!" तो ओरडला. "दीड वर्ष झालं, तुमची कामं मी पुन्हा करतोय! रोज!"

इस्त्रीवाल्याने इस्त्री हातात तशीच वर धरली होती. ताईने मान खाली घातली.

या खेपेला बाबांना ऐकू आलं होतं. त्यांनी हात फडक्याला पुसले, एकेक बोट सावकाश. मग ताईजवळ जाऊन रुमाल बाजूला करून जखम नीट पाहिली.

"ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "मशीन याच्याकडून बघून घ्या. याचा हात चांगला आहे."

टोपी घातली आणि घरी गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

घरी कुणी त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. बाबा दारातल्या खुर्चीवर बसून राहायचे. कुणी येता-जाता "काय मिस्त्री, बरंय ना?" म्हणालं की हात वर करायचे. थोरला रोज ठरवायचा, आज माफी मागू. पण ओरडून कुणी माफी मागतं का? शेजारीपाजारी काय झालं म्हणून धावत आले असते. मग लिहून द्यावं असं त्याने ठरवलं. कार्यालयातला कोरा कागद घरी आणला. 'बाबा' असं वर लिहिलं, पुढे काही सुचेना. कचेरीचे अर्ज सोडले तर त्याने आयुष्यात कुणाला काही लिहिलं नव्हतं. तो कागद सात-आठ दिवस त्याच्या शर्टाच्या खिशात एका शब्दानिशी फिरत राहिला.

एका सकाळी अंगावर शर्ट चढवताना त्याने मनाशी पक्कं केलं, कागद राहू दे, आज जवळ बसायचं आणि कानाशी लागून जमेल तसं बोलायचं. त्याच दुपारी बाबा त्या खुर्चीवरच गेले. आई पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा मान एका बाजूला कलली होती.

सकाळी तो खरंच त्यांच्याजवळ गेला होता. खुर्चीशी वाकलाही होता. बाबांनी वर पाहिलं, हात पुढे केला आणि त्याच्या छातीवरचं बटण दोन बोटांत धरलं.

"हे सुटायला आलंय."

"बाबा, मला जरा..."

"दोरा कुजलाय. संध्याकाळी शर्ट काढून ठेव. मी लावतो."

कोपऱ्यावर बस वळताना दिसली. ही चुकली तर पुढची पाऊण तासाने. थोरला सरळ झाला, पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागला.

"ठेवशील ना काढून?" मागून बाबा म्हणाले.

"हो, हो! ठेवतो म्हटलं ना!"